स्लाइड की फळा? गावात माती परीक्षणावर बोलायचं असेल तर

नव्याने सहायक कृषी अधिकारी (म्हणजे पूर्वीचे कृषी सहायक) झालेल्या दोघा-तिघांनी या महिन्यात मला एकच प्रश्न विचारला. गावात माती परीक्षणावर बोलायचंय, तर स्लाइड कराव्यात की फळ्यावर घ्यावं? मी दोन्ही केलंय. आधी काही वर्षं स्लाइड, आता बहुतेक वेळा फळा. पण तुमचं गाव, सभागृह आणि अक्षर माझ्यासारखं असेलच असं नाही, तेव्हा हे जरा जपूनच घ्या.

आधी स्लाइडच्या बाजूने बोलतो, कारण ती बाजू लंगडी नाही. लोहाची कमतरता असली की कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. नत्र कमी पडलं तर आधी खालची जुनी पानं पिवळी होतात. हा फरक खडूने दाखवायचा म्हणजे कपाळमोक्ष. दोन फोटो शेजारी शेजारी टाकले की काम झालं. दीडशे माणसं बसली असतील तरी स्लाइडच बरी, शेवटच्या रांगेला फळा दिसत नाही. आणि तेच भाषण उद्या तुमच्या जागी दुसऱ्या कुणाला करायचं असेल, तर त्याच्या हातात काहीतरी देता येतं.

गैरसोयी तुम्हाला माहीत आहेतच. लाईट जाते, वायर बसत नाही, जुन्या फॉन्टमधलं मराठी दुसऱ्याच्या लॅपटॉपवर कुठली तरी गूढ लिपी होऊन बसतं. युनिकोडमध्ये टाइप करा, पीडीएफ सोबत ठेवा, विषय संपला. एवढ्यासाठी मी स्लाइड सोडल्या नसत्या.

सोडल्या त्या मोबाइलमुळे. स्लाइड पडद्यावर आली रे आली की वीस हात वर जातात, फोटो निघतो, हात खाली येतात आणि त्यांच्यासोबत मानाही. फोटो मिळाला म्हणजे जणू माहिती खिशात पडली, आता हे साहेब कशाला बोलतायत? ज्यांच्याकडे मोबाइल नाही ते वाचत बसतात. मी दुसऱ्या ओळीवर असतो आणि ते शेवटची ओळ वाचून केव्हाच मोकळे. एकदा मातीचा नमुना घेण्याच्या सहा पायऱ्या एकाच स्लाइडवर टाकल्या होत्या. मी तिसऱ्या पायरीवर असताना पुढच्या रांगेतले आजोबा म्हणाले, "ते कळलं, आता अनुदानाचं सांगा." कळलं होतं का? शेवटी विचारलं, तर खड्डा किती खोल घ्यायचा हे कुणालाच सांगता आलं नाही.

यात लोकांचा दोष नाही. पॉवरपॉइंट 1987 साली आलं ते ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शिका, म्हणजे पडद्यावर दाखवायची पारदर्शक प्लास्टिकची पानं, छापायला. म्हणजे मुळात ते एक भरलेलं पान, समोर येणार तेच पूर्ण. ते पारदर्शिकावाले जुने मास्तर आठवतात? पानावर कोरा कागद ठेवायचे आणि बोलतील तसा एकेक ओळ खाली सरकवायचे. त्यांना हा त्रास तेव्हाच कळला होता. आता ॲनिमेशनने तेच करता येतं, मीही करून पाहिलं. पण मग माझं लक्ष माणसांकडे कमी आणि कुठला क्लिक राहिला इकडे जास्त.

फळ्यावर चित्र अर्धवट असतं, आणि अर्धवट चित्राचा फोटो कुणी काढत नाही. मी आधी शेताचा वाकडातिकडा चौकोन काढतो, एका बांधावर झाड, कोपऱ्यात उकिरडा. मग नागमोडी रेघ ओढत एकेक खड्डा टिंबाने मांडतो. मुद्दाम खडू झाडाखाली टेकवतो आणि विचारतो, "इथून घेऊ?" मागून कुणीतरी ओरडतंच, "नको, तिथं सावली न् पालापाचोळा!" उकिरड्याजवळ नेला की बायका हसतात. आठ-दहा टिंबं होईपर्यंत नमुना कुठून घ्यायचा नाही हे त्यांनीच मला सांगितलेलं असतं. मग शेजारी इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा काढतो, खोली 20 ते 25 सेंटिमीटर, आणि हाताची वीत फळ्याला लावून दाखवतो.

त्यानंतर फळाही सोडतो. घमेलंभर माती आणलेली असते, ती कापडावर ओतून गोल पसरायची, बोटाने अधिक चिन्ह काढून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेले मिसळून पुन्हा तेच, अर्धा किलो उरेपर्यंत. हे करायला गावातलाच कुणीतरी पुढे येतो. "खताचं रिकामं पोतं अंथरलं तर चालेल का?" हा प्रश्न दर वेळी येतो. स्लाइडवर "खताचे पोते वापरू नये" असं लिहिलेलं असायचं तेव्हा तो एकदाही आला नव्हता.

फळ्याची खोड म्हणजे पाठ. लिहिताना तुम्ही लोकांकडे पाठ करता आणि भिंतीशी बोलता. लिहायचं तेव्हा गप्प, बोलायचं तेव्हा वळून, ही सवय लागायला मला बरेच दिवस गेले. शाळेचा फळा असेल तर खिडकीचा उजेड कुठे चमकतो ते शेवटच्या बाकावर बसून आधी बघा. खडू आणि ओलं फडकं स्वतःचं न्या, शाळेचं डस्टर पुसण्यापेक्षा जास्त पसरवतं. अक्षर अगदीच किरटं असेल तर मात्र मी तुम्हाला आग्रह करणार नाही.

स्लाइड घ्यायच्याच असतील तर फक्त फोटोंच्या घ्या, पाच-सहा, एकाही ओळीशिवाय. आणि फोटो दाखवून झाला की कीबोर्डवरचं इंग्रजी बी दाबा, पडदा काळा होतो आणि डोळे तुमच्याकडे परत येतात. पानांवरच्या कमतरतेच्या लक्षणांसाठी मी अजूनही असंच करतो. सामू (म्हणजे पीएच, माती आम्ल की विम्ल ते सांगणारा आकडा) आणि सेंद्रिय कर्बाचे आकडे मात्र फळ्यावरच, त्याच गावातल्या एखाद्याची माती परीक्षणाची पत्रिका त्याला विचारून घेऊन.

परवा संपवून फडकं उचललं, तर मागून आवाज आला, "साहेब, पुसू नका, थांबा." तेच वीस हात, तेच मोबाइल. मी बाजूला झालो.