रॅचेट बेल्ट: वादळापूर्वीच्या बांधाबांधीला कितपत कामाचा?

जोरदार वाऱ्याचा इशारा आला की बाहेरचं सामान बांधायला हाताला लागेल ती दोरी घेतली जाते. या कामात 50 मिलिमीटर रुंदीचा पॉलिएस्टर रॅचेट बेल्ट, म्हणजे दातेरी चाकाच्या हँडलने (रॅचेटने) आवळायची सपाट पट्टी, दोरीपेक्षा खूपच सरस आहे. पण तो ज्याला अडकवला आहे ते कच्चं असेल, तर बेल्ट कितीही चांगला असून उपयोग नाही.

विकत घेताना लेबल बघा. निळं लेबल पॉलिएस्टरचं, हिरवं नायलॉनचं, तपकिरी पॉलिप्रॉपिलीनचं. निळंच घ्या. नायलॉन जास्त ताणतो, भिजला की आणखी सैल पडतो. पॉलिप्रॉपिलीन उन्हात लवकर खराब होतं. लेबलवर ‘एलसी 2500 डेकान्यूटन’ (एलसी म्हणजे बांधणीची क्षमता) असेल तर सरळ ओढीत तो सुमारे अडीच टनांचा भार पेलतो. लेबलच नसेल तर कितीही जाडजूड दिसला तरी नको.

आता वाऱ्याचं गणित. ताशी 90 किलोमीटरचा वारा चौरस मीटरला साधारण 39 किलोचा दाब देतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. तीन चौरस मीटरच्या प्लायवूडच्या फळीवर हा भार 100 किलोंच्या वर जातो. म्हणजे बेल्ट सहसा तुटत नाही, उपटतं ते दुसरं टोक: हलकं रेलिंग, प्लास्टिकचा पाइप, ओल्या मातीतली खुंटी. हूक काँक्रीटमध्ये पक्क्या बसवलेल्या आयबोल्टला (डोक्याला कडी असलेल्या बोल्टला) किंवा खांबालाच लावा. भार हुकाच्या पोटात यायला हवा, टोकावर नाही.

पट्टी रॅचेटच्या रुळातल्या खाचेतून ओवल्यावर आधी सगळा ढिलेपणा हाताने ओढून काढा, मग हँडल मारा. रुळावर कमीत कमी दीड वेढा हवा. तीनच्या पुढे गेलात तर रॅचेट अडकतं. हँडलला पाइप लावून जोर काढू नका. शेवटी हँडल पूर्ण मिटवा आणि उरलेलं शेपूट बांधून टाका.

अनुभवी माणसं आणखी एक गोष्ट करतात. दोन आधारांमध्ये मोकळी ताणलेली सपाट पट्टी वाऱ्यात घूं-घूं करत थरथरते. त्या थरथरीने ती कडेवर घासते आणि हळूहळू सैल होते. मध्ये एक पीळ दिला की थरथर थांबते. पत्र्याची किंवा लोखंडाची धार असेल तिथे खाली जाड रबर घाला. गाठ मात्र कधीच मारू नका, तिथे पट्टीची ताकद निम्म्यावर येऊ शकते. कडेला चीर पडलेला बेल्ट सरळ टाकून द्या.

छताच्या पत्र्यांना हा बेल्ट कायमचा उपाय नाही. वारा कडा आणि कोपऱ्यांतून पत्रा वर उचलतो. तिथे वॉशरचे स्क्रू पुरेसे आणि घट्टच हवेत. पाण्याची टाकी आधी भरा. 1000 लिटर पाण्याचं वजन एक टन होतं, रिकामी टाकी मात्र सहज कलंडते. खुर्च्या, कुंड्या, फळ्या बांधत बसण्यापेक्षा आत न्या.

हे सगळं वारा सुटण्याआधी. वाऱ्याचे झोत सरासरी वेगापेक्षा बरेच जोरदार असतात, त्यामुळे मध्येच बेल्ट सैल पडलेला दिसला तरी बाहेर जाऊ नका. सामान गेलं तर जाऊ द्या. इशारा मागे घेतल्यावर आधी तुटलेल्या विजेच्या तारा कुठे आहेत ते पाहा. मग बाजूला उभं राहून हँडल पूर्ण उघडा, कारण साध्या रॅचेटमध्ये सगळा ताण एका झटक्यात सुटतो.