पिकअपचे मागचे शॉकअप बदलले, गोव्यातल्या साखळी गावच्या गॅरेजला पाच स्टार

माझी बोलेरो पिकअप आहे, आठवड्याला तीन खेपा, बेळगावहून भाजी भरायची आणि चोर्ला घाट उतरून म्हापशाला टाकायची. पावसाळा संपता संपता मागचं टोक असं नाचायला लागलं की रिकाम्या गाडीने वळणावर खड्डा घेतला तर मागची चाकं बाजूला सरकायची, घाटात अक्षरशः पोटात गोळा यायचा. टायरवर हात फिरवला तर उंचसखल लागत होतं, मध्येमध्ये खळगे पडलेले. एक शॉकअप तेलाने माखलेला आणि त्यावर लाल मातीचा लेप, दोघांच्याही टोकांचे रबरी बुश फाटून बाहेर आलेले. आणि हे शॉकअप जुने नव्हते हो, दहा महिन्यांपूर्वीच दुसऱ्या एका ठिकाणी टाकले होते, खूप वाईट वाटलं.

साडू म्हणाला साखळीला दाखव, वाटेवरच आहे. मी गेलो आणि मेस्तांना, म्हणजे मेकॅनिकला, सरळ सांगितलं की माल जास्त असतो, सगळ्यात कडक असेल तो शॉकअप टाका. मेस्त म्हणाले, "वजन पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) घेतात बाबा, शॉकअप घेत नाही. तो फक्त पाट्याचं नाचणं थांबवतो." मग घाट उतरून तापलेल्या गाडीखाली मला दोन्ही शॉकअपना हात लावायला सांगितला, एक थोडा गरम, तेल गळलेला जवळजवळ थंड. आतलं तेल पिस्टनच्या बारीक भोकांतून जोरात जातं म्हणून ते तापतं, तापतच नसेल तर तो काम करत नाही. एवढी वर्षं गाडी चालवतो, हे कोणी सांगितलं नव्हतं. उगाच कडक टाकला तर रिकामी गाडी आणखी उडेल हेही त्यांनीच सांगितलं, आणि माझी परतीची प्रत्येक खेप रिकामीच असते.

मी मागे एक पाटा वाढवलेला आहे त्यामुळे गाडी थोडी उंच बसते, हे त्यांनी न विचारता ओळखलं. गाडी रिकामी असताना आणि भरलेली असताना वरच्या आणि खालच्या बोल्टमधलं अंतर टेपने मोजलं, मग नवीन शॉकअप पूर्ण दाबून आणि पूर्ण ताणून त्याच्याशी ताडून बघितलं. आखूड पडला तर खड्ड्यात चाक खाली लोंबतं तेव्हा ताणून तुटतो, लांब पडला तर भरल्या गाडीत आतून आपटतो. गॅब्रिएल कंपनीची जोडी बसली, एकच बदलू का विचारलं तर नाही म्हणाले, एका एक्सलचे दोन्ही बरोबरच बदलायचे.

बसवण्याचं काम तर बघण्यासारखं. आपल्याकडची खारी हवा, नट गंजून धरलेले, म्हणून आदल्या संध्याकाळी गाडी ठेवून घेतली आणि रात्रभर नटांवर तेल सोडून ठेवलं, तरी एक कटरने कापावाच लागला. नवे शॉकअप खोक्यात आडवे पडलेले असतात म्हणून उभे धरून पाच-सहा वेळा दाबून ताणले, पहिल्या दोनदा मध्येच रिकामं लागत होतं, नंतर एकसारखे झाले. बोल्ट जॅकवर असताना नुसते हाताने लावले, गाडी चारही चाकांवर उतरवली आणि मगच पान्याने शेवटचे आवळले. गेल्या वेळी नेमकं इथेच चुकलं होतं, चाकं लोंबत असताना आवळले की गाडी खाली आली की बुशचं रबर आधीच पिळलेलं राहतं, त्यात भाजीचं वजन पडलं की आणखी पिळतं आणि फाटतं.

जोडीचे तीन हजारांच्या आसपास लागले, मजुरी वेगळी, आणि ती घासाघीस करण्यासारखी अजिबात नव्हती. दोन खेपांनंतर परत बोलावून बोल्ट तपासले, त्याचे पैसे घेतले नाहीत. एकच अडचण, मेस्त एकटेच आहेत, दिवस जातो, फोन करून जा, चवथीच्या आधी तर नंबरच लागणार नाही.

आता खड्डा लागतो तो लागतोच, पण गाडी एकदा हलते आणि बसते. टायरचा गूंगूं आवाज मात्र आहे, खळगे पडलेले टायर शॉकअप बदलून सरळ होत नाहीत, ते पुढच्या महिन्यात बदलतो.