पाचव्या सामन्याआधी : कॉलेज फुटबॉलमधल्या नवख्याने रेडशर्ट घ्यावा की लगेच खेळावे?

हायस्कूल संपवून अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल (लांबट चेंडू हातात घेऊन खेळतात तो खेळ) संघात मुलगा दाखल झाला, की ऑगस्टचा सराव संपण्याआधीच घरात एक प्रश्न येऊन बसतो. पहिल्याच हंगामात मैदानात उतरायचे, की एक वर्ष सराव करून, अंगात ताकद भरून पुढच्या वर्षी उतरायचे? बहुतेक घरांत याकडे मानाचा प्रश्न म्हणून पाहिले जाते आणि तिथेच गफलत होते. माझ्या मते हा प्रश्न ऑगस्टमध्ये सोडवायचाच नसतो. तो सोडवायचा दिवस चौथ्या आणि पाचव्या सामन्याच्या मधे येतो, आणि त्याचे उत्तर मुलगा किती चांगला आहे यापेक्षा तो कोणत्या जागी खेळतो यावर अधिक अवलंबून असते.

आधी नियम पाहू. एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेच्या डिव्हिजन १ या सर्वोच्च गटात पूर्णवेळ प्रवेश घेतल्यापासून पाच वर्षे मोजायला सुरुवात होते आणि त्या पाच वर्षांत चार हंगाम खेळता येतात. जे एक वर्ष शिल्लक राहते, त्यात खेळाडू संघाबरोबर सराव करतो, शिष्यवृत्ती घेतो, वर्गात बसतो, पण त्याचा हंगाम खर्ची पडत नाही. त्यालाच रेडशर्ट म्हणतात. १९३७ साली नेब्रास्का विद्यापीठातल्या वॉरन आल्फसन या खेळाडूने आपण यंदा फक्त सराव करू असे सांगितले आणि त्याला सरावासाठी क्रमांक नसलेला लाल शर्ट मिळाला, त्यावरून हा शब्द पडला असे सांगतात. १९७२ पर्यंत मोठ्या विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघातून खेळण्याची परवानगीच नव्हती, त्यामुळे तेव्हा हा पेच बहुतेकांपुढे नव्हता. परवानगी मिळाली त्याच वर्षी ओहायो स्टेटच्या आर्ची ग्रिफिन या नवख्याने आपल्या दुसऱ्याच सामन्यात २३९ यार्ड धाव घेतली आणि पेच खरा झाला.

पुढची अनेक वर्षे हा निर्णय कठोर होता. नवखा मुलगा सप्टेंबरमध्ये एका सामन्यात चार मिनिटे खेळला, तरी त्याचे पूर्ण वर्ष गेले असे धरले जाई. २०१८ पासून चार सामन्यांपर्यंत खेळूनही रेडशर्ट राखता येतो. नियमित हंगाम बारा सामन्यांचा असतो, म्हणजे एक तृतीयांश हंगाम चाखून पाहता येतो. अलीकडे ‘बोल’ नावाचे निमंत्रितांचे सामने आणि राष्ट्रीय विजेता ठरवणारे प्लेऑफ यांसारखे हंगामानंतरचे सामनेही या चारांत धरत नाहीत. मात्र मोजणी मिनिटांची नसून सामन्यांची असते. एका स्नॅपसाठी, म्हणजे एका चालीपुरता, उतरलेला मुलगाही त्या सामन्यात खेळलाच असे मानले जाते.

या नियमाच्या पहिल्याच वर्षी क्लेमसन विद्यापीठात जे घडले, त्यात या प्रश्नाच्या सगळ्या बाजू एकाच आठवड्यात दिसल्या. आदल्या हंगामात संघाला प्लेऑफपर्यंत नेणारा केली ब्रायंट हा क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, पास फेकणारा खेळाडू) पहिले चारही सामने सुरुवातीपासून खेळला आणि संघ चारही जिंकला. त्यानंतर प्रशिक्षक डॅबो स्विनी यांनी पहिल्या वर्षाच्या ट्रेव्हर लॉरेन्सला सुरुवातीची जागा दिली. ब्रायंटने हिशेब केला, की पाचवा सामना खेळलो तर शेवटचे वर्ष संपेल. तो तिथेच थांबला, संघ सोडला आणि पुढच्या वर्षी मिझुरीकडून खेळला. २९ सप्टेंबरला सिरॅक्यूजविरुद्ध लॉरेन्स प्रथमच सुरुवातीपासून खेळला आणि दुसऱ्या क्वार्टरमध्ये जोराचा मार बसून बाहेर गेला. आता मैदानात आला चेस ब्राइस, आदले संपूर्ण वर्ष रेडशर्टमध्ये काढलेला मुलगा. संघ मागे होता, चेंडू स्वतःच्या गोलरेषेजवळ होता. चौथा डाउन, म्हणजे दहा यार्ड पुढे सरकण्याच्या चार प्रयत्नांतला शेवटचा, आणि सहा यार्ड हवे असताना त्याने टी हिगिन्सला २० यार्डांचा पास दिला, लगेच पुढच्या वेळी स्वतः चेंडू घेऊन १७ यार्ड धावला, आणि ९४ यार्डांची ती चाल ४१ सेकंद उरले असताना टचडाउनमध्ये, म्हणजे चेंडू समोरच्या गोलरेषेपार नेऊन, संपली. क्लेमसन २७-२३ ने जिंकले आणि पुढे १५-० अशा नोंदीसह राष्ट्रीय विजेते झाले. अंतिम सामन्यात अलाबामाला ४४-१६ असे हरवताना क्वार्टरबॅक लॉरेन्सच होता. लगेच खेळलेला, वर्षभर थांबलेला आणि चार सामन्यांवर थांबून निघून गेलेला अशा तिघांनाही त्या एका आठवड्यात आपापल्या निर्णयाचे फळ मिळाले.

आता थांबण्याची बाजू. तिचे सर्वांत मजबूत कारण म्हणजे शरीर, आणि ते सर्वांत जास्त लागू होते लाइनमनना, म्हणजे पुढच्या रांगेत समोरच्याशी अंगाने भिडणाऱ्या खेळाडूंना. अठरा वर्षांचा, २६० पौंडांचा मुलगा हायस्कूलमध्ये समोरच्याला सहज लोळवत असतो. इथे त्याच्यासमोर उभा राहतो बावीस वर्षांचा, चार वर्षे वेट रूममध्ये घालवलेला, ३०० पौंडांचा माणूस. ती तफावत जिद्दीने भरून निघत नाही; ती जेवणाने, झोपेने आणि लोखंडाने भरून निघते आणि त्याला वेळ लागतो. पहिल्याच वर्षी ओरेगनचा लेफ्ट टॅकल (क्वार्टरबॅकच्या डाव्या बाजूचे रक्षण करणारा लाइनमन) झालेला पेनाय सीवेल हा अपवाद आहे, आणि अशा अपवादाकडे बोट दाखवून आपल्या मुलाला ढकलू नये. जे. जे. वॉटने पहिले वर्ष सेंट्रल मिशिगनमध्ये टाइट एंड (समोरच्याला अडवणारा आणि पासही झेलणारा खेळाडू) म्हणून खेळून काढले, मग विस्कॉन्सिनला जाऊन २००८ चे पूर्ण वर्ष तो बाहेर राहिला, वजन वाढवले, जागा बदलली, आणि एनएफएल या व्यावसायिक लीगच्या २०११ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, अकरावा निवडला गेला.

हे वर्ष आरामाचे नसते, हे मात्र आधी समजून घ्यावे. रेडशर्टमधला मुलगा स्काउट टीममध्ये असतो. येत्या शनिवारी ज्या संघाशी गाठ आहे, त्या संघाच्या चाली मोठ्या पुठ्ठ्यावर काढलेल्या असतात. सहायक प्रशिक्षक पुठ्ठा वर धरतो, मुले तो पाहतात आणि तसेच धावून आपल्याच पहिल्या फळीचा मार खातात. एका आठवड्यात तो कोणा परक्या संघाचा टॅकल असतो, पुढच्या आठवड्यात आणखी कोणाचा. स्वतःच्या संघाच्या चाली त्याच्या वाट्याला कमीच येतात. गुरुवारी प्रवासाची यादी लागते, त्यात त्याचे नाव नसते, आणि शनिवारी तो वसतिगृहात टीव्हीवर सामना पाहतो. अनेक मुले शरीराने तयार होण्याआधी मनाने खचतात ती याच टप्प्यावर. इथे घरच्यांनी फोनवर काय बोलावे याला महत्त्व आहे. ‘कधी खेळवणार तुला?’ हे दर रविवारी विचारणे थांबवले तरी पुष्कळ झाले.

क्वार्टरबॅकच्या बाबतीत थांबण्याचे कारण डोक्याचे, म्हणजे खेळ समजून घेण्याचे, आहे आणि पुरावाही भक्कम आहे. जॉनी मॅन्झिएलने २०११ मध्ये रेडशर्ट घेतला आणि २०१२ मध्ये हाइझमन ट्रॉफी, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान, जिंकली. जेमिस विन्स्टनने २०१२ मध्ये घेतला आणि २०१३ मध्ये तीच ट्रॉफी जिंकली. पण माझ्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण जो बरोचे आहे. २०१५ साली ओहायो स्टेटमध्ये त्याने रेडशर्ट घेतला, पुढची दोन वर्षे राखीव म्हणून काढली, तीन वर्षांत पदवी घेतली आणि एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठात) गेला. २०१९ मध्ये त्याने ६० टचडाउन पास दिले, हाइझमन आणि राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि पुढच्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला. २०१९ हे त्याचे पाचवे वर्ष होते. २०१५ मध्ये हरलेल्या किंवा एकतर्फी जिंकलेल्या सामन्यांच्या शेवटी त्याला थोडेथोडे खेळवून ते वर्ष खर्ची घातले असते, तर २०१९ त्याच्या हाती उरलेच नसते.

लगेच खेळण्याची बाजू रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा), वाइड रिसीव्हर (लांबचे पास झेलणारा) आणि कॉर्नरबॅक (त्याला रोखणारा) यांच्या बाबतीत जड होते. वेग आणि पायांची चपळाई अठराव्या वर्षीही पूर्ण फुललेली असू शकते. १९८० मध्ये जॉर्जियाच्या हर्शेल वॉकरने, २००४ मध्ये ओक्लाहोमाच्या एड्रियन पीटरसनने (१,९२५ यार्ड) आणि २०२४ मध्ये ओहायो स्टेटच्या जेरेमाया स्मिथने हे पहिल्याच वर्षी दाखवले. अशा मुलाला बसवून ठेवणे म्हणजे पिकलेला आंबा अढीत ठेवणे.

रनिंग बॅकबद्दल एक उलट युक्तिवाद ऐकू येतो आणि तो ऐकण्यासारखा आहे. एनएफएलमध्ये जायला हायस्कूल सोडून तीन वर्षे व्हावी लागतात, मग त्यांतले एक वर्ष मार न खाता घालवलेले काय वाईट? ओहायो स्टेटच्या मॉरिस क्लॅरेटने २००२ मध्ये पहिल्याच वर्षी १,२३७ यार्ड काढून संघाला विजेतेपद मिळवून दिले, पुढच्या वर्षी तो निलंबित होता, त्याने तीन वर्षांच्या अटीविरुद्ध न्यायालयात दाद मागितली आणि २००४ मध्ये तो हरला. तरीही हा युक्तिवाद मला पटत नाही, कारण तो एनएफएलला नक्की जाणाऱ्या मुलासाठी आहे आणि तसे मूठभरच असतात. बाकीच्यांसाठी कॉलेजचे हंगाम हेच त्यांचे फुटबॉल. विन्स्टनसारख्याला रेडशर्टने एनएफएलमध्ये उशीरही झाला नाही, कारण बाहेर बसलेले वर्षही त्या तीन वर्षांत धरले जाते.

एक मुद्दा फार थोडे पालक लक्षात घेतात. रेडशर्ट पहिल्याच वर्षी घ्यावा असे कुठेही लिहिलेले नाही. ती गंगाजळी आहे. पहिल्या वर्षी खेळलेल्या मुलाच्या हाती ती तशीच राहते आणि तिसऱ्या वर्षी गुडघा गेला तर ती कामी येते. पहिल्याच वर्षी जो ती वापरतो, त्याला पुढे एक हंगाम दुखापतीत गेला तर भरपाई मिळणे अवघड असते, कारण सहावे वर्ष मागायला आपल्या हाताबाहेरच्या कारणांनी दोन संधी गेल्याचे दाखवावे लागते.

सर्वांत वाईट पर्याय या दोन्हींच्या मधला आहे आणि दुर्दैवाने तोच सर्वांत सहज घडतो. ऑक्टोबरमध्ये कोणी जखमी होतो, किकऑफच्या (चेंडू लाथेने दूर मारून खेळ सुरू करण्याच्या) वेळी धावायला एक माणूस हवा असतो, प्रशिक्षक नवख्याला हाक मारतात, मुलगा आनंदाने धावत जातो, आणि पाचवा सामना मोजला जातो. हंगामाच्या शेवटी त्याच्या खात्यावर तीस-चाळीस स्नॅप असतात आणि एक वर्ष गेलेले असते. त्या पाचव्या सामन्यात दुखापत झाली तर वैद्यकीय कारणावरून वर्ष परत मिळण्याची वाटही सहसा बंद होते. खेळायचे तर आठवड्याला वीस-पंचवीस स्नॅप तरी खेळावेत, नाहीतर चारांवर थांबावे.

गेल्या काही वर्षांत थांबण्याची किंमत वाढली आहे, हेही मान्य करायला हवे. पूर्वी संघ बदलला की बहुधा एक वर्ष बाहेर बसावे लागे. एप्रिल २०२४ पासून अभ्यासाच्या अटी पाळल्या तर कितीही वेळा संघ बदलून लगेच खेळता येते. आज घडवलेला मुलगा उद्या निघून जाईल हे ठाऊक असल्याने काही प्रशिक्षक नवख्यावर वेळ घालवण्यापेक्षा तयार खेळाडू आणणे पसंत करतात. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या हाउस खटल्याच्या (खेळाडूंच्या पैशांवरून एनसीएएविरुद्ध चाललेल्या) तडजोडीनंतर त्यात सामील विद्यापीठांना फुटबॉल संघ १०५ खेळाडूंपुरता ठेवावा लागतो. वॉक-ऑन, म्हणजे शिष्यवृत्तीविना संघात आलेल्या, मुलांना कडेकडेने सांभाळण्याची जुनी सोय संपली. त्याच तडजोडीमुळे विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसेही देऊ लागली, आणि न खेळणाऱ्याचा भाव वाढत नाही. पाचही वर्षे खेळू द्यावीत, असा विचारही जोरात आहे. म्हणून लाइनमनने रेडशर्ट घ्यावा असे मी म्हणतो, तेव्हा त्यात एक अट असते : ज्याने त्याला आणले तो प्रशिक्षक पुढच्या वर्षीही तिथे असण्याची बरीच शक्यता हवी.

अमेरिकेतल्या मराठी घरांत या सगळ्याआधी विचारला जाणारा प्रश्न पदवीचा असतो, आणि तो योग्यच आहे. डिव्हिजन १ मध्ये दुसऱ्या वर्षाअखेर पदवीच्या अभ्यासक्रमाचा ४० टक्के, तिसऱ्या वर्षाअखेर ६० आणि चौथ्या वर्षाअखेर ८० टक्के भाग पूर्ण असावा लागतो. म्हणजे नियमाचा सांधाच पाच वर्षांना जुळलेला आहे. रेडशर्ट घेतलेला मुलगा इंजिनिअरिंगसारखा जड अभ्यासक्रम पाच वर्षांत नीट बसवू शकतो, किंवा चार वर्षांत पदवी घेऊन पाचव्या वर्षी शिष्यवृत्तीवर मास्टर्स सुरू करू शकतो. मात्र मुलगा आयव्ही लीगमध्ये जाणार असेल तर ही तुलना तिथेच थांबते. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नाही, असा रेडशर्ट नाही आणि पदवीनंतर खेळताही येत नाही. आर्मी आणि नेव्हीमध्येही चार वर्षांतच सगळे उरकावे लागते.

चौथा सामना झाला की सोमवारी मुलाने स्वतः आपल्या जागेच्या प्रशिक्षकाकडे जावे. आईवडिलांनी जाऊ नये, फोनही करू नये. उरलेल्या आठ सामन्यांत मी दुसऱ्या फळीत आहे की तिसऱ्या, आठवड्याला साधारण किती स्नॅप मिळतील, आणि ते माझ्या जागेवर की फक्त किकऑफला, एवढेच विचारावे. उत्तरात आकडा आला तर त्यावर विचार करता येतो. ‘बघू, तयार राहा’ असे उत्तर आले तर त्याच दुपारी कंप्लायन्स ऑफिसमध्ये (नियमपालन पाहणाऱ्या कार्यालयात) जाऊन आपल्या नावापुढे किती सामने लागले आहेत ते तपासून घ्यावे, आणि शनिवारी हेल्मेट घालण्याआधी प्रशिक्षकांना यंदा चारच खेळणार असे स्वच्छ सांगावे.