नवी पिल्लं जुन्या कोंबड्यांत मिसळताना: खुडूक कोंबडी, जाळी की रात्रीची दांडी?

मनोरीला आमच्या घरामागे सात कोंबड्या आहेत. दोन-तीन म्हाताऱ्या झाल्या, अंडी कमी व्हायला लागली की नव्या आणाव्या लागतात, आणि दर वेळी प्रश्न तोच. नव्यांना जुन्यांत सोडायचं कसं? गोराई, मढ, चारकोप, मुंबईत जिथे अजून घरामागे चार हात जागा शिल्लक आहे तिथे सगळ्यांनाच हे कोडं पडतं. रस्ते तीन आहेत आणि तिन्ही मी करून पाहिले आहेत. कुठला धरायचा हे मुख्यतः जागेवर ठरतं, म्हणून आधी आपलं अंगण नीट पाहून घ्या.

कोंबड्यांत उतरंड असते. दाणे टाकल्यावर पहिली चोच कुणाची, शेवटची कुणाची, हे प्रत्येकीला पक्कं ठाऊक असतं. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थोर्लेफ शेल्डरुप-एब्बे यांनी १९२२ साली यावर शास्त्रीय लेखन केलं. नवं पाखरू आलं की ही उतरंड पुन्हा मांडली जाते, आणि ती चोचीनेच मांडली जाते. त्यामुळे टोचाटोची अजिबात होऊ नये असा हट्ट धरू नका. रक्त निघू नये आणि कुणी उपाशी राहू नये, एवढं सांभाळलं की पुरे.

पहिला रस्ता खुडूक कोंबडीचा, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीचा. माझ्या मते याच्यासारखा रस्ता नाही, पण तो मागून मिळत नाही. कोंबडी आठ-दहा दिवस तरी घट्ट बसलेली हवी आणि पिल्लं एक-दोन दिवसांचीच हवीत. त्याहून मोठी पिल्लं तिला आई मानत नाहीत आणि तीही त्यांना जवळ घेईल याचा भरवसा नसतो.

दोन वर्षांपूर्वी गोरेगावच्या आरे कॉलनीतल्या केंद्रीय कुक्कुट विकास संस्थेतून आठ पिल्लं आणली. भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका मांडीवर घेऊन मार्वेच्या जेट्टीवरून फेरीबोटीने घरी आले. रात्री साडेनऊला मागचा दिवा बंद केला, टॉर्चला लाल फडकं गुंडाळलं आणि एकेक पिल्लू मुठीत धरून कोंबडीच्या पंखाखाली सरकवलं. दुसऱ्या हाताने खालची अंडी काढून घेतली. तिचं पोट हाताला केवढं गरम लागतं! बसलेल्या कोंबडीच्या छातीची पिसं गळालेली असतात, म्हणून तिची ऊब थेट पिल्लाच्या अंगाला लागते. आधी तिने घशातून दटावल्यासारखा आवाज काढला. थोड्या वेळाने आवाज बदलला, बारीक, सलग कुर्र-कुर्र. तो आवाज ऐकला तेव्हा कळलं, हिने पोरं पदरात घेतली. तरी पहाटे उठून पाहायलाच हवं, कारण एखादी कोंबडी उजाडल्यावर पिल्लांना टोचून बाहेर काढते.

पुढचं सगळं तीच करते. बल्ब लावायला नको. जुन्या कोंबड्यांनी पिल्लाकडे मान वळवली तरी ती पिसं फुलवून अंगावर जाते. सहा-आठ आठवड्यांनी ती पिल्लांना सोडते, तोवर ती कळपातलीच झालेली असतात. अंगणातल्या मातीतले जंतू थोडे थोडे पोटात गेल्याने रक्ती हगवणीशी लढायची ताकदही येते.

आता अडचणी. भरपूर अंडी देणाऱ्या सुधारित जातीच्या कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत, गावठी होतात. कावळे, घारी आणि मुंगूस यांच्यापासून पहिले तीन आठवडे वरून झाकलेली जागा लागते, आई कितीही शूर असली तरी. शिवाय एक दिवसाच्या पिल्लांत साधारण निम्मे नर निघतात. गावठाणात भिंतीला भिंत लागून घरं असतात, पहाटे चार वाजता आरवणारे चार कोंबडे शेजारच्यांना सोसत नाहीत आणि त्यांची तक्रार रास्तच असते. पिल्लांना मॅरेक्स या कोंबड्यांच्या विषाणूजन्य रोगाची लस दिलेली असेल तर तिला काम करायला दोनेक आठवडे लागतात आणि तोवर मोठ्या कोंबड्यांपासून लांब ठेवा असं सांगतात. खुडूक कोंबडीखाली ते शक्य नाही, ही जोखीम कळून घ्यावी.

दुसरा रस्ता जाळीचा. बहुतेकांनी हाच धरावा. आठ-दहा आठवड्यांची पिल्लं घ्या. त्या वयात तुरा आणि गलोल (चोचीखाली लोंबणारी कातडी) पाहून नर-मादी बरीचशी ओळखता येते, अंगावर पिसं पूर्ण आलेली असतात आणि बल्बची गरज संपलेली असते. आधी दोन ते चार आठवडे अगदी वेगळी ठेवा, शेजाऱ्याच्या पडवीत का होईना. दाणापाणी आधी जुन्यांचं करा, मग नव्यांचं, म्हणजे हाताबरोबर रोग इकडे येत नाही. मग त्याच आवारात मधे जाळी घालून दोन आठवडे शेजारी-शेजारी. एकमेकींना पाहू देत, जाळीतून चोच मारून पाहू देत. तिसऱ्या टप्प्यात जाळीत खाली चार-पाच इंचांची फट ठेवा. पिल्लू त्यातून जातं, मोठी कोंबडी अडकते. पळून जायला हक्काची जागा असली की पिल्लं आपणहून बाहेर येतात, मार बसला की आत पळतात, पुन्हा येतात. या फटीने माझं जेवढं काम हलकं केलं तेवढं दुसऱ्या कशानेच नाही.

याला जागा आणि महिना-दीड महिना धीर लागतो. खुराड्यात दर मोठ्या कोंबडीमागे तीन-चार चौरस फूट आणि बाहेर आठ-दहा, एवढं निघत नसेल तर नव्या आणण्याआधी जुन्या कमी करा. दाटीत कुठलाच उपाय चालत नाही.

तिसरा रस्ता ऐकायला सर्वांत सोपा. अंडी द्यायला आलेल्या तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, आणायच्या आणि अंधारात जुन्यांच्या शेजारी दांडीवर बसवायच्या. सकाळी सगळ्या एकत्र उठतील, कुणाला काही कळणार नाही, असं म्हणतात. कोंबड्यांना कळतं. मी तीन तलंगा अशा बसवल्या आणि सकाळी साडेसहाला गेले, तर एक खुराड्याच्या कोपऱ्यात डोकं खुपसून उभी होती, मानेमागची पिसं गेलेली, रक्त सुकलेलं. हळद लावून तिला आठ दिवस डालग्याखाली ठेवावं लागलं. एकट्या रात्रीच्या भरवशावर मी पुन्हा कुणाला सोडलेलं नाही. जाळीचे दोन आठवडे झाल्यावर शेवटची पायरी म्हणून मात्र रात्र फार उपयोगी पडते.

कुठलाही रस्ता घ्या, एकटं पिल्लू कधी आणू नका. निदान दोन, शक्यतो तीन. खाण्याची भांडी दोन ठिकाणी ठेवा, म्हणजे एकच दांडगी दोन्हींवर पहारा देऊ शकत नाही. खाद्य सगळ्यांना ग्रोअरच, म्हणजे वाढत्या पिल्लांचं, द्या. लेअरच्या, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या, खाद्यात साडेतीन टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम असतं, ते तलंगांच्या मूत्रपिंडाला झेपत नाही. अंडी देणाऱ्यांसाठी तिसऱ्यांच्या शिंपल्या भाजून, कुटून वेगळ्या वाटीत ठेवा. ज्यांना हव्यात त्या बरोबर खातात. आणि एखादी फारच मारकुटी निघाली तर नवीला नाही, तिलाच दोन-तीन दिवस बाजूला काढा. परत येते तेव्हा तिची जागा थोडी खाली सरकलेली असते.

मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस आधी झालेली हवी. लासोटा या लसीचा थेंब पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आरटूबी या लसीचं इंजेक्शन. विकत घेताना लसीचं विचारून घ्या आणि उत्तर गुळमुळीत आलं तर परत फिरा.

राहिला हंगाम. जून-जुलैत मिसळू नका. आपल्याकडच्या पावसात खुराड्यात पसरलेला तूस दिवसभरात ओला होतो, ओलीत रक्ती हगवण फोफावते, आणि वर नव्या घराची धास्ती. माझ्या जाळीआड सध्या चार तलंगा आहेत. एक तांबडी, फार धीट, रोज सकाळी जाळीला छाती लावून जुन्यांकडे पाहत उभी राहते. खालची फट अजून विटेने बंद आहे. विसर्जन झालं आणि चार दिवस ऊन पडलं की वीट काढणार.