कॅम्पर ओढण्यासाठी बसवलेला ट्यूनर : वर्षभराच्या वापरानंतर

माझ्या टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप) असलेल्या डिझेल पिकअप ट्रकच्या मागे साधारण 2,200 किलो वजनाचा कॅम्पर ट्रेलर, म्हणजे राहण्याची सोय असलेला ट्रेलर, असतो. सपाट रस्त्यावर गाडीची काहीच तक्रार नसे. पण लांब चढ लागला की ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सतत चौथ्यातून तिसऱ्यात आणि तिसऱ्यातून चौथ्यात जाई, इंजिन ओरडू लागे आणि तरीही वेग पडतच राही. यावर उपाय म्हणून मी ओबीडी पोर्टला (गाडीतील बिघाड तपासण्याच्या जोडणीला) जोडायचा एक ट्यूनर घेतला, जो इंजिनाच्या ईसीयूमधला (इंजिन चालवणाऱ्या संगणकातला) मूळ प्रोग्रॅम स्वतःकडे साठवून ठेवतो आणि त्याच्या जागी आपला प्रोग्रॅम चढवतो.

प्रोग्रॅम चढवण्याचे काम सोपे आहे, मात्र ते चालू असताना बॅटरीला चार्जर लावून ठेवावा. प्रोग्रॅम अर्धवट चढलेला असताना व्होल्टेज पडले, तर ईसीयू निकामी होऊ शकतो, आणि माहितीपुस्तिकेत ही सूचना शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत दिली आहे.

यंत्रात किफायत, टोइंग (ओझे ओढणे) आणि परफॉर्मन्स असे तीन प्रकार आहेत. टोइंगमध्ये मधल्या आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना) डिझेल आणि टर्बोचा दाब बेताने वाढतो आणि टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांना तेलाद्वारे जोडणारा भाग) लवकर लॉक होऊन तसाच टिकतो. फरक पहिल्याच चढावर जाणवला, कारण जिथे पूर्वी तिसऱ्या गिअरमध्ये 3,200 आरपीएमवर इंजिन पिळावे लागत होते, तिथे आता चौथ्यात 2,400 वर गाडी शांतपणे ओढते. ओझे ओढताना कमाल हॉर्सपॉवरच्या आकड्यापेक्षा कमी आरपीएमला मिळणारा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, महत्त्वाचा असतो, आणि त्या बाबतीत हा ट्यूनर पैसे वसूल करून देतो.

मात्र वाढीव डिझेल म्हणजे वाढीव उष्णता, आणि माझी मुख्य नाराजी इथेच आहे. एक्झॉस्टचे तापमान मोजणारा प्रोब या यंत्राबरोबर मिळत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. माझ्या मते टोइंगसाठी विकल्या जाणाऱ्या ट्यूनरबरोबर तो असायलाच हवा. मी प्रोब टर्बोच्या आधी, एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरमधला धूर एकत्र करणाऱ्या नळीत) बसवून घेतला. डिझेल इंजिनात त्या जागी सुमारे 700 अंश सेल्सियस ही सावधगिरीची मर्यादा मानली जाते. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात आणि शुद्ध ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळते. खालून उडणारे तेल आणि आत येणारी ताजी हवा यांमुळे पिस्टनचा माथा जळत्या वायूपेक्षा बराच थंड राहतो म्हणून निभावते, परंतु ही सवलत अमर्याद नाही. एकदा मी ट्रेलर मागे असताना परफॉर्मन्स लावून पाहिला. मोठ्या चढाच्या मध्यावर काटा 690 वरून बघता बघता 720 वर गेला. मी ॲक्सिलरेटर सैल केला आणि एक गिअर खाली घेतला. आरपीएम वाढले, इंजिनाला हवा जास्त मिळाली आणि काही सेकंदांत काटा 640 पर्यंत उतरला. त्यानंतर ओझे मागे असताना मी तो प्रकार वापरलेला नाही.

गिअरबॉक्सच्या तेलाकडेही ट्यूनरची पुस्तिका पूर्ण दुर्लक्ष करते. वाढलेला टॉर्क तिथूनच चाकांकडे जातो आणि तेल सतत तापत राहिले तर त्याचे आयुष्य झपाट्याने घटते. चढावर माझ्या गाडीत ते 112 अंशांपर्यंत जात होते. रेडिएटरसमोर स्वतंत्र ऑइल कूलर बसवल्यावर त्याच रस्त्यावर 95 च्या आसपास राहू लागले. ट्यूनर आणि कूलर यांपैकी एकच वस्तू घेण्याची ऐपत असेल, तर आधी कूलर घ्यावा असे मी निःसंकोच सांगेन.

विक्रेत्याने मला ‘आता तीन टनही ओढाल’ असे सांगितले होते, ते साफ चुकीचे आहे. ओढण्याची क्षमता चासी (गाडीचा सांगाडा), ब्रेक, ॲक्सल, हिच (ट्रेलर अडकवायचा जोड) आणि कूलिंग या सर्वांवर ठरते आणि ट्यूनरमुळे त्यांतले काहीच बदलत नाही. ट्रेलरच्या वजनाचा 10 ते 15 टक्के भार हिचवर असावा, हा नियमही आहे तसाच राहतो.

ॲव्हरेजमध्ये ट्रेलरसह नोंद घेण्याजोगा फरक पडला नाही. कॅम्परचा उभा, रुंद दर्शनी भाग वाऱ्याला अडवतो आणि 80 वरून 100 च्या वेगाला गेल्यास हवेचा विरोध दीडपटीहून अधिक, तर त्यासाठी लागणारी शक्ती जवळजवळ दुप्पट होते. इंधन वाचवायचे असेल तर वेगच कमी करावा लागतो.

टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन असणाऱ्यांनी मात्र या यंत्रावर खर्च करण्याआधी थांबावे. त्या इंजिनात ट्यूनिंगने फारसे हाती लागत नाही, शिवाय दर 300 मीटर उंचीमागे त्याची सुमारे 3 टक्के शक्ती घटते. अशा गाडीत ॲक्सलचे गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्यामागे गिअरबॉक्सकडून येणाऱ्या दांड्याचे फेरे) 3.55 वरून 4.10 केले, तर त्याच गिअरमध्ये चाकांवरची ओढ सुमारे 15 टक्क्यांनी वाढते; सपाट रस्त्यावर इंजिन थोडे जास्त फिरेल, पण चढावर ट्रेलर निमूटपणे मागे येईल.