अकरावी आर्ट्स: राज्यशास्त्र घ्यावं की अर्थशास्त्र?

दहावीचा निकाल लागला की आमच्या ज्युनिअर कॉलेजात हा प्रश्न घेऊन मुलं येतात, मागे आईवडील. मी राज्यशास्त्र शिकवते, म्हणजे ओढा तिकडे आहेच. आर्ट्सला चार वैकल्पिक विषय असतात. दोन्ही बसत असतील तर बेधडक दोन्ही घ्या. पण पुष्कळ कॉलेजांत विषयांचे गट ठरलेले असतात. खरी अडचण तिथे येते.

राज्यशास्त्र म्हणजे पाठांतर आणि हमखास मार्क, हा समज आधी काढून टाका. अकरावीला हक्क, समता, न्याय या संकल्पना. बारावीला 1991 नंतरचं जग, जागतिकीकरण, सुशासन. सगळीकडे ‘का’ लिहावं लागतं. 2023 मधली गोष्ट. एका मुलीनं पेपरात 74वी घटनादुरुस्ती, 1992, सगळं अचूक लिहिलं. शहरांच्या कारभाराला घटनेत जागा का दिली, तिथे मात्र पान कोरं. तिला विचारलं, चाळीसमोरचं गटार तुंबलं तर कुणाकडे जाता? म्हणाली, “आधी नगरसेवकाकडे जायचो, मॅडम. आता बाबा वॉर्ड ऑफिसला फेऱ्या मारतात.” मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, प्रशासक आले आणि 227 प्रभागांत तेव्हा लोकांनी निवडून दिलेलं कुणी उरलं नव्हतं. त्या गटारावरून तिनं उत्तर पुन्हा लिहिलं, दीड पान. असं लिहायला आवडत असेल तर हा विषय तुमचा.

अर्थशास्त्राचा स्वभाव वेगळा. मागणी, पुरवठा, लवचिकता, राष्ट्रीय उत्पन्न. आकृती काढायची, अक्षांना नावं द्यायची. निर्देशांकाचं गणित बरोबर आलं की मार्क कुणी कापत नाही. नेमकेपणा आवडणाऱ्या मुलांना हे मानवतं. फोर्टातल्या रिझर्व्ह बँकेनं रेपो दर, म्हणजे बँकांना ती ज्या व्याजानं कर्ज देते तो दर, वाढवला की घराचा हप्ता का वाढतो, हे बारावीच्या पोराला घरी समजावून सांगता येतं. मात्र पुढे अर्थशास्त्रातच पदवी करायची असेल तर बारावीला गणितही ठेवा. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्सला ते लागतंच.

वकिलीसाठी राज्यशास्त्र हवंच, असं पालक ठामपणे सांगतात. तसं नाही. पाच वर्षांच्या लॉला कुठल्याही शाखेतून जाता येतं आणि मुंबई विद्यापीठाच्या त्या अभ्यासक्रमात हे दोन्ही विषय पुढे येतातच. यूपीएससीचं म्हणाल तर मुख्य परीक्षेचा सामान्य अध्ययनाचा दुसरा पेपर संविधान, राज्यकारभार आणि परराष्ट्र संबंधांवर असतो, तिसऱ्यात अर्थव्यवस्था येते. म्हणून करिअरच्या नावाखाली मुलाच्या गळ्यात विषय बांधू नका.

बालभारतीची पुस्तकं ऑनलाइन फुकट मिळतात. प्रवेशाआधी दोन्हीतला एकेक धडा वाचा आणि स्वाध्यायातला एक मोठा प्रश्न घड्याळ लावून लिहून बघा. तो कागद घेऊन या, मग आपण बोलू.