वाहनकराची बनावट पावती आणि नव्या नोंदणीची वाट पाहण्याचा काळ

परराज्यातली मोटार सोबत घेऊन नागपुरात राहायला येणाऱ्यांनी, कर भरल्यापासून नवे नोंदणी प्रमाणपत्र (आरसी) हाती पडेपर्यंतच्या काळात अतिशय सावध असावे, कारण आमची फसवणूक नेमकी याच काळाच्या आडोशाने झाली. आम्ही मूळचे मध्य प्रदेशातल्या सौंसरचे. घरची भाषा मराठी, बाजारहाट आणि दवाखाना नागपूरचाच, पण गाडीच्या पाटीवर ‘एमपी २८’ असल्यामुळे महाराष्ट्राच्या लेखी ती परराज्यातली. नोकरीनिमित्त नागपुरात कायमचे बिऱ्हाड केल्यावर मी छिंदवाड्याहून नमुना २८ मधले ना-हरकत प्रमाणपत्र रीतसर घेतले आणि इथल्या नोंदणीच्या मागे लागलो.

या कामात भेटलेल्या एका दलालाने आधी भीती घातली. परराज्यातली गाडी महिनाभरात जप्त होते, असे तो ठामपणे सांगत होता. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४७ प्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवायची असेल तर नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. राज्याचा कर ही त्याहून वेगळी बाब असून त्याची मागणी त्याआधीही होऊ शकते. दलालाने या दोन्ही गोष्टींची सरमिसळ करून घाई निर्माण केली. मग कराचा आकडा त्याने अगदी बरोबर मांडला. दहा लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल मोटारीला महाराष्ट्रात ११ टक्के आणि डिझेलला १३ टक्के एकरकमी कर असतो आणि जुन्या गाडीला तो वयानुसार कमी होतो, हे त्याला पाठ होते. आकडा खरा असल्यामुळे माणूसही खरा वाटला. रक्कम त्याने यूपीआयने एका खासगी खात्यावर घेतली आणि काही दिवसांनी राजमुद्रा, बारकोड, माझ्या गाडीचा क्रमांक व चेसिस क्रमांक असलेली पावती आणून दिली. “आरसी टपालाने घरी येईल भाऊ, तोवर ही पावती दाखवा, कोणी अडवणार नाही,” हे त्याचे शब्द.

या वाक्यातला धोका असा की ते अर्धे खरे आहे. आरसीचे स्मार्टकार्ड टपालानेच येते, त्याला वेळही लागतो, त्यामुळे उशीर झाला तरी कोणाला शंका येत नाही आणि लबाडाला हवा तेवढा अवधी आपोआप मिळतो. फोन केला की तो “कार्ड छपाईला गेले आहे” असे सांगे.

पुढे सासूबाईंना मिहानमधल्या एम्समध्ये दाखवायला नेत असताना वर्धा रोडवर परिवहन विभागाच्या वायुवेग पथकाने गाडी थांबवली. मी पावती पुढे केली. अधिकाऱ्यांनी ती बाजूला ठेवून गाडीचा क्रमांक यंत्रात टाकला आणि या वाहनाचा महाराष्ट्रातला कर भरल्याची कोणतीही नोंद नाही, असे सांगितले. पावतीवरचा अर्ज क्रमांक दुसऱ्याच एका वाहनाचा निघाला. सासूबाई मागच्या सीटवर घाबरून बसल्या होत्या. अधिकाऱ्यांनी समजुतीने घेतले, पण चलान झाले, आणि एकदा देऊन झालेली कराची संपूर्ण रक्कम पुन्हा भरण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

त्यानंतर सगळे काम स्वतः केले तेव्हा खरी पद्धत कळली आणि ती प्रत्येकाला ठाऊक असायला हवी. अर्ज परिवहनच्या संकेतस्थळावर होतो, अर्ज क्रमांक आपल्या मोबाईलवर येतो, आणि त्या क्रमांकावरून अर्ज कुठवर पोहोचला हे घरबसल्या पाहता येते. त्यासाठी अर्जात स्वतःचाच मोबाईल क्रमांक असला पाहिजे, कारण दलालाचा क्रमांक घातला की सगळे संदेश त्याच्याकडे जातात. सरकारी कर कोणाच्याही खासगी खात्यावर भरला जात नाही. शिवाय गाडी तपासणीसाठी आरटीओ कार्यालयात न्यावी लागते आणि चेसिस क्रमांक प्रत्यक्ष पाहिला जातो, त्यामुळे “गाडी आणायची गरज नाही” असे जो सांगतो, त्याच्याशी व्यवहार तिथेच थांबवावा. कार्यालयही पत्त्यानुसार ठरते: शहराचे एमएच ३१, पूर्व नागपूरचे एमएच ४९ आणि ग्रामीणचे एमएच ४०.

वाट पाहण्याच्या काळात गाडी चालवताना जुनीच पाटी ठेवावी. नवा क्रमांक नोंदला जाईपर्यंत कायद्याने जुना क्रमांकच गाडीचा असतो. जुनी आरसी, विमा, पीयूसी, ना-हरकत प्रमाणपत्राची प्रत आणि संकेतस्थळावरून स्वतः काढलेली कराची पावती सोबत असावी. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपमधली कागदपत्रे ग्राह्य धरली जातात, आणि पावती खरी आहे की नाही हेही तिथे गाडीच्या नोंदीशी ताडून पाहता येते.

मी पोलिसांत तक्रार दिली आहे. बनावट कागद माहीत असून खरा म्हणून वापरणे हा भारतीय न्याय संहितेनुसार वेगळा गुन्हा आहे, त्यामुळे आपल्याला तो खोटा असल्याचे ठाऊक नव्हते हे दाखवणारी यूपीआयची नोंद आणि दलालाचे संदेश मी जपून ठेवले आणि तक्रारीला जोडले. पैसे नुकतेच गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर त्याच दिवशी कळवावे, कारण उशीर होईल तशी खात्यातली रक्कम गोठवण्याची शक्यता मावळते. माझ्या बाबतीत ती वेळ निघून गेली होती. ज्यांच्याकडे अशाच रीतीने दलालाने आणून दिलेली पावती असेल आणि आरसी अजून आलेली नसेल, त्यांनी त्या पावतीवरचा अर्ज क्रमांक आजच तपासून पाहावा.